अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी आरोग्यसाहाय्य: शासकीय योजना आणि आपला निधी

(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक हिशेबपत्रके आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती दिलेला आहे. त्यांतील आकड्यांचे येथे पुन्हा वाचन करून आपला वेळ घेण्याऐवजी, वर्षभरात अनेक देणगीदारांनी आम्हांस जो एक प्रश्न विचारला, त्याचे सविस्तर उत्तर द्यावे असे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा की, आता शासनच प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत देत असेल, तर धर्मादाय रुग्णालयाला आमच्या देणगीची आवश्यकता काय उरली?

प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्यांमध्ये गेली कित्येक वर्षे न चुकता देणगी देणारी मंडळी आहेत. आपला रुपया जेथे खरोखर लागतो तेथेच जावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. म्हणून या प्रश्नाला भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर देणे आम्हांस उचित वाटते. आणि हे उत्तर देत असताना समोर बसलेल्या कुटुंबीयांना योजनांची उपयुक्त माहितीही मिळावी, असा आमचा दुहेरी हेतू आहे.

आधी शासनाने काय केले आहे, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना मोजक्या गंभीर आजारांसाठी मदत करणारी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रात १९९७ मध्ये आली. तिची जागा घेणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून सर्व राज्यात सुरू झाली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, रोख रक्कम न भरता, असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना पाच लाखांच्या मर्यादेसह आली, आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या. पुढचा मोठा टप्पा १ जुलै २०२४ चा. त्या दिवसापासून शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, पांढरी असली तरी, आणि शिधापत्रिका नसल्यास अधिवास प्रमाणपत्रावरही, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. त्या वेळी उपचारांची यादी १,३५६ इतकी होती. ही यादी वेळोवेळी सुधारली जाते. म्हणून घरात जपून ठेवलेल्या जुन्या पत्रकावर कोणी विसंबू नये.

या योजनेने काय साधले, हे आमच्या इमारतीत प्रत्यक्ष दिसते. पूर्वी हृदयविकाराच्या रुग्णाला अँजिओप्लास्टी सांगितली की घरातील पुरुष मंडळी जिन्याखाली एकत्र जमत आणि कोणाकडून किती उसने मिळतील याचा हिशेब सुरू होई. बायका एका कोपऱ्यात बसून मंगळसूत्राकडे पाहात. आज त्याच जिन्याखाली आरोग्यमित्राचे टेबल आहे. कर्करोगाची केमोथेरपी, रेडिओथेरपी, मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिस, मणक्याच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया हे सर्व योजनेत येते. पात्र रुग्णाला यादीतील उपचारासाठी दाखल केले की तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, भोजन, तसेच घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांचा पाठपुरावा आणि परतीचे भाडेदेखील योजनेतच समाविष्ट असते. परतीच्या भाड्याची गोष्ट बहुतेक रुग्णांना ठाऊकच नसते. रक्कम लहान असल्यामुळे ती कोणी मागत नाही. पण ज्यांना ती लागते, त्यांना ती लहान नसते.

मग उणे कोठे आहे?

ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. म्हणजे खाट मिळण्यापूर्वीचा आणि खाट सोडल्यानंतरचा बराचसा आजार तिच्या बाहेर राहतो. बाह्यरुग्ण विभागात येणारा रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा दम्याचा रुग्ण दरमहा औषधे घेतो, ती वर्षानुवर्षे आणि जन्मभर. त्या खर्चाला या योजनेत स्थान नाही. गाठ कशाची आहे हे ठरविण्यासाठी केलेली सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, बायॉप्सी यांचे पैसे निदान होईपर्यंत पुष्कळदा घरूनच जातात. पाच लाखांचे कवच आहे, पण त्या कवचापर्यंत पोहोचण्याचे चार-सहा हजार रुपये जवळ नाहीत, अशी स्थिती आम्ही दर आठवड्याला पाहतो. पुष्कळ कुटुंबे तेथूनच परत फिरतात आणि आजार बळावल्यावर येतात. शासनाच्या खर्चाच्या दृष्टीने पाहिले तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे. चार हजारांच्या तपासणीने जे वेळीच कळले असते, त्यावर पुढे दीड लाखाची शस्त्रक्रिया मंजूर करावी लागते.

दुसरे असे की, यादीतील काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. तेथील व्यवस्था बळकट राहावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु खासगी अथवा धर्मादाय रुग्णालयात आलेल्या रुग्णाला हे दाखल होण्याच्या वेळीच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. शासकीय रुग्णालयांविषयी एक गोष्ट येथेच नमूद करतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केस पेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. बाळंतपणासाठी तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय संस्थांत सिझेरियनसह सर्व सेवा मोफत आहेत. सर्वसाधारण आजाराच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखविण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. जे तेथे विनामूल्य आणि चांगले होते, त्यासाठी आपल्या देणगीदारांचे पैसे खर्ची घालण्याचे कारण नाही.

तिसरी अडचण कागदांची. येथे थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. कारण आमच्या अनुभवाप्रमाणे पात्र असूनही वंचित राहणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा भरणा याच मंडळींचा आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झालेले असते आणि सासरच्या शिधापत्रिकेत अद्याप चढलेले नसते. आधार कार्डावरील नाव आणि शिधापत्रिकेवरील नाव एका अक्षराने निराळे असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची शिधापत्रिका गावी पत्र्याच्या पेटीत असते आणि किल्ली म्हाताऱ्या आईपाशी. आणि यांतले काहीच नसले तरी, आपण योजनेत बसतो हे माहीत नसल्यामुळे घरचे लोक पहिल्याच दिवशी सांगतात, “साहेब, उपचार सुरू करा, पैशांचं आम्ही बघतो.” ही भाषा स्वाभिमानाची आहे, तिचा आदरच केला पाहिजे. पण तिसऱ्या दिवशी पैसे संपतात, आणि मग कोणीतरी योजनेची आठवण करून देतो.

योजना रोखरहित आहे. आधी पैसे भरावे आणि मागाहून परतफेड मागावी, अशी तिची रचना नाही. पूर्वमान्यता उपचारापूर्वी घ्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन कागद मागाहून ठरलेल्या मुदतीत देता येतात. म्हणूनच कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, दाखल होतानाच, डॉक्टरांशी बोलून झाल्याबरोबर, पैसे भरण्याच्या खिडकीपाशी जाण्याआधी, आरोग्यमित्राकडे जावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरी असल्यास कोणाकडून तरी त्याच दिवशी मागवून घ्यावे. ज्यांच्या घरी आज कोणी आजारी नाही, त्यांनी आयुष्मान कार्ड काढून ठेवावे आणि सुनेचे व मुलांचे नाव शिधापत्रिकेत चढवून घ्यावे. तहसील कार्यालयातील हे काम आजारपणाच्या धावपळीत होत नाही. घरात सत्तर वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड तिच्यासाठी काढता येते. त्याला उत्पन्नाची अट नाही. आयुष्मान भारत योजनेची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करता येते.

आता धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर कायद्याने जी जबाबदारी आहे, तिच्याकडे वळतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ अ अ खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २००६ पासून एक योजना लागू आहे. तीनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. पहिल्यांवर पूर्णतः मोफत उपचार करावयाचे, दुसऱ्यांवर सवलतीच्या दराने. औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य आणि कृत्रिम रोपणे रुग्णालयाच्या खरेदी-किमतीने लावावयाची. योजना आली तेव्हा वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी २५,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढत अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये झाली आहे. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका लागते. आणि अत्यवस्थ रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात थांबवायचे नाही, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत अत्यावश्यक उपचार द्यावयाचे, असे ही योजना सांगते. आमच्या कर्मचाऱ्यांना याची लेखी सूचना दिलेली असून ती तातडीच्या विभागात भिंतीवर लावलेली आहे. तेथे कोणी निराळे वागल्यास रुग्णाच्या नातेवाइकांनी थेट प्रशासनाकडे यावे.

या सेवेसाठी निर्धन रुग्ण निधी नावाचे स्वतंत्र खाते ठेवावे लागते आणि रुग्णालयाच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यात जमा करावी लागते. दोन टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, शंभर खाटांच्या एखाद्या रुग्णालयाची वर्षाची एकूण बिले दहा कोटी रुपयांची आहेत. दोन टक्क्यांनी निधीत वीस लाख जमा होतील. राखीव खाटा वीस. त्या वर्षभर भरलेल्या राहिल्या, तर ७,३०० खाट-दिवस होतात. वीस लाखांना ७,३०० ने भागिले असता दर खाटेमागे दर दिवशी सुमारे २७४ रुपये येतात. दुर्बल घटकांतील रुग्ण स्वतःचा काही वाटा देतात हे खरे. तो जमेस धरूनही, अतिदक्षता विभागातील एका रुग्णाच्या प्रतिजैविकांपुढे हा आकडा किती टिकतो, हे कोणत्याही औषध-दुकानदाराला विचारावे. खोलीभाडे, परिचारिकांची सेवा, वीज, पाणी, धुलाई यांचा भार तर रुग्णालयानेच सोसावयाचा असतो. निधी संपला म्हणून निर्धन रुग्णाला परत पाठविणे आपल्या विश्वस्तांना कधीही मान्य झालेले नाही. ती तूट कोठून तरी भरावी लागते, आणि त्या ‘कोठून तरी’चे नाव देणगी.

शासकीय योजनेच्या दाव्यांचेही असेच. रुग्ण घरी जातो, आम्ही कागद पाठवितो, राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या यंत्रणेकडून त्यांची छाननी होते, क्वचित त्रुटी निघते, ती पूर्ण करून पुन्हा पाठवितो, मग रक्कम जमा होते. मधल्या काळात औषध-पुरवठादारांची देणी आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थांबत नाही. ठरलेले पॅकेज आणि प्रत्यक्ष खर्च यांत गुंतागुंतीच्या रुग्णाबाबत अंतर पडते, ते निराळेच. याबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही. सार्वजनिक पैशाची छाननी काटेकोर व्हावी, हे हिशेब लिहिणाऱ्याला पटलेच पाहिजे. परंतु खेळते भांडवल हा शब्द कारखान्याइतकाच रुग्णालयालाही लागू पडतो, एवढे लक्षात असावे.

येथे एका जुन्या व्यवस्थेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना ही नोकरदारांपुरती मर्यादित आहे. २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये ठेवण्यात आली, आणि २०१९ पासून कामगाराकडून वेतनाच्या पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेण्यात येऊ लागली. तिच्यावर टीका पुष्कळ होते. तरीही बाह्यरुग्ण उपचार, रोजची औषधे, कुटुंबीयांचे उपचार आणि आजारपणात बुडालेल्या पगाराची काही अंशी भरपाई, या चारही गोष्टी एकत्र देणारी दुसरी योजना अल्प उत्पन्न माणसासाठी आपल्याकडे नाही, असे आमचे मत आहे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक कामगारांच्या पगारातून ही वर्गणी नियमितपणे कापली जाते, आणि तरी ते खासगी दवाखान्यात स्वतःच्या खिशातून खर्च करीत असतात. आपल्या वेतनपत्रकावर ही कपात दिसत असेल, तर आपला विमा क्रमांक घरच्यांना सांगून ठेवावा.

परंतु रिक्षाचालक, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, शेतमजूर, हातगाडीवाले यांना ही सोयही नाही. आजारपणात यांचे दोन प्रकारे नुकसान होते. खर्च वाढतो आणि मिळकत थांबते. नवऱ्यापाशी बसावे लागते म्हणून बायकोचेही काम जाते. पाच लाखांच्या कार्डाने शस्त्रक्रिया होते, पण त्या पंधरा दिवसांत घरची चूल कशी पेटते, हे कोणत्याही योजनेच्या अर्जात विचारलेले नसते. उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांची विचारपूस आमच्या समाजसेवा विभागाकडून केली जाते. ‘उपचार परवडत नाहीत’ असे उत्तर आता क्वचित मिळते. ‘आणखी खाडे परवडत नाहीत’ असे उत्तर अधिक वेळा मिळते.

तेव्हा देणगीदारांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. शस्त्रक्रियांसाठी सर्वसाधारण देणगी मागण्याचे दिवस बऱ्याच अंशी मागे पडले आहेत, हे आम्ही मान्य करतो. जो खर्च शासनाच्या योजनेतून निघतो, तो आपल्या निधीतून करणे ही देणगीची उधळपट्टी होईल. आपला निधी यापुढे योजनेच्या दोन्ही टोकांना लागला पाहिजे. एका टोकाला निदानापर्यंतच्या तपासण्या. दुसऱ्या टोकाला घरी गेल्यानंतरची दीर्घकाळची औषधे, फेरतपासणीसाठी येण्याजाण्याचे भाडे आणि बाहेरगावच्या नातेवाइकांच्या जेवणाची व राहण्याची सोय. कागदपत्रांसाठी रुग्णाच्या कुटुंबासोबत तहसील कार्यालयापर्यंत जाणारा एक माणूस, हाही खर्च आम्ही यातच धरतो. देणगीच्या यादीत तो शोभून दिसत नाही, आणि त्याच्या नावाची संगमरवरी पाटीही लागत नाही. परंतु एका माणसाच्या वेतनातून जितकी कुटुंबे पाच लाखांच्या कवचाखाली येतील, तितका परतावा दुसऱ्या कोणत्याही देणगीतून मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

यासाठी ‘पूरक साहाय्य निधी’ या नावाने स्वतंत्र खाते उघडण्याचा ठराव विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात आलेला आहे. त्याचे नियम मोजकेच आहेत. शासकीय योजना, निर्धन रुग्ण निधी अथवा राज्य विमा यांपैकी कशातूनही जो खर्च निघू शकतो, तो या खात्यातून करावयाचा नाही. प्रत्येक खर्चापुढे योजनेतून तो का निघाला नाही, याचे कारण एका ओळीत लिहावयाचे. आणि ही यादी, रुग्णांची नावे वगळून, पुढील वार्षिक अहवालात छापावयाची. या कारणांच्या यादीतून देणगीदारांना पैसा कोठे गेला ते कळेल, आणि योजनेत सुधारणा कोठे हव्यात हे शासनाकडे मांडण्यासाठी आपल्यापाशी लेखी पुरावाही राहील. ठरावाचा मसुदा आपल्या खुर्चीवर ठेवलेल्या कागदांत शेवटच्या पानावर आहे. त्यावरील सूचना महिनाअखेरपर्यंत कार्यालयाकडे लेखी द्याव्यात, ही विनंती.